मुलाखतीचे कपडे खुर्चीत बसून निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा दिवसांनी मुलाखत, पहिली फेरी व्हिडिओवर, दुसरी समोरासमोर. त्या ऑफिसात लोक जीन्स-टीशर्टमध्ये दिसतात. कपाटात एक पांढरा शर्ट, एकदाच घातलेला ब्लेझर आणि चार-पाच वर्षं खोक्यात पडलेले बूट. नवा सूट घ्यावा का?

नको. तिथली माणसं रोज जे घालतात त्याच्या एक पायरी वर राहायचं, दोन नाही. तुमच्या बाबतीत कॉलरचा शर्ट, साधी गडद पँट, बंद बूट, वर ब्लेझर. टायची गरज नाही. बँक किंवा वकिली फर्म असती तर सूट-टाय म्हटलं असतं. तरी शंका राहिली तर मुलाखतीची वेळ कळवणाऱ्यालाच सरळ विचारा, त्यात कमीपणा काही नाही.

सूटचे पैसे वाचले, त्यातले थोडे शिंप्याला द्या. आधी ब्लेझरचा खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. ती दंडावर उतरत असेल तर तो ब्लेझर घरीच ठेवा. बाही आखूड करणं, कंबरेत घेणं, पँटची उंची कमी करणं ही शिंप्याची नेहमीची कामं; खांदा मात्र उसवायचा म्हणजे बाही, कॉलर, अस्तर सगळंच सुटतं. हात खाली सोडल्यावर ब्लेझरच्या बाहीतून शर्टाचा कफ साधारण एक सेंटीमीटर दिसावा. शर्टाचं गळ्याचं बटण लावून आत दोन बोटं सहज जातात का बघा. टाय नसली तरी बघा, कारण गळा तंग असला की कॉलर उघडी ठेवूनही फाकते.

आता ब्लेझर पालथा करून मागची फट बघा. तिच्या खालच्या टोकाला फुलीसारखे दोन टाके दिसले तर ते कापायचे असतात. दुकानात घडी बिघडू नये म्हणून घातलेला तो कच्चा दोरा आहे. पुष्कळ लोक तो तसाच ठेवून वर्षानुवर्षं फिरतात आणि बसताना मागून कोट का ओढतो हे त्यांना कळत नाही. बाहीवर बाहेरून कंपनीची पट्टी टाचलेली असेल तर तीही काढा. छोट्या कात्रीने, एकेक टाका. ब्लेड चालवलंत तर कापडच चिरेल.

मग खरी परीक्षा. मुलाखत बसून होते आणि कपडे आपण आरशासमोर उभे राहून निवडतो, घोळ तिथेच होतो. सगळा पोशाख घालून खुर्चीत वीस मिनिटं बसा, कोपरं टेबलावर टेकवा, फाइल उचलायला वाका. पँट वर सरकून नडगी उघडी पडली तर पोटरीपर्यंतचे गडद मोजे घ्या. छातीपाशी दोन बटणांमध्ये फट पडत असेल (बायकांच्या शर्टांत हे फार होतं) तर आतून एक चाप-बटण शिवून घ्या, निदान दुहेरी चिकटपट्टी लावा. शर्ट कमरेतून सुटून येत असेल तर तो आखूड आहे, दुसरा शोधा. स्कर्ट बसल्यावर बराच वर जातो, त्याची उंची बसूनच ठरवा. ब्लेझरचं सगळ्यात खालचं बटण कधीच लावायचं नाही, आणि बसताना उरलेलंही काढायचं.

घामाचं म्हणाल तर करडा आणि फिका निळा शर्ट सगळं सांगून टाकतो. पांढरा आणि गडद निळा सांभाळून घेतो. पांढऱ्याखाली पांढरा बनियन उठून दिसतो, त्वचेच्या रंगाच्या जवळचा दिसत नाही. डिओड्रंट फक्त वास आवरतो. घाम कमी करणारं असतं ते अँटीपर्स्पिरंट, आणि ते आदल्या रात्री कोरड्या काखेत लावायचं. घाम सुटल्यावर लावलेलं वाहून जातं.

सुती शर्टाला इस्त्री तो किंचित दमट असतानाच करा. कॉलर आधी मागच्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे. उलट केलंत तर चुण्या ढकलल्या जाऊन टोकांवर जमतात आणि चेहऱ्याखाली नेमक्या तिथेच दिसतात. गडद पँटवर मध्ये पातळ फडकं ठेवा, नाहीतर गुडघ्यावर चकाकी येते आणि ती सहसा जात नाही. इस्त्री झाल्यावर लगेच घालू नका. गरम कापड कोपरापाशी लगेच चुरगळतं, दहा मिनिटं हँगरवर राहू द्या.

बुटांची मला जास्त काळजी वाटते. तळ पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या हलक्या प्लास्टिकचा) असेल तर खोक्यात पडल्या-पडल्याही तो हवेतल्या दमटपणाने खराब होत जातो. वरून चामडं चकचकीत, पण चालायला लागलात की टाच भुग्यासारखी गळते. आजच अंगठ्याने तळ दाबा, बूट वाकवा, बारीक भेगा किंवा चिकटपणा बघा आणि मग अर्धा तास बाहेर चालून या. नवे घ्यावे लागले तर लगेच घ्या. मोजे घालून रोज तास-दोन तास घरात वापरले तर मुलाखतीपर्यंत चावायचे थांबतील. पट्टा बुटांच्या रंगाचा, बस्स.

व्हिडिओच्या फेरीला मात्र तो पांढरा शर्ट नको. भरपूर पांढरं दिसलं की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मध्यम निळा किंवा तसाच एकरंगी घ्या. बारीक चौकडी आणि बारीक रेघा पडद्यावर लाटांसारख्या हलताना दिसतात. इअरफोनच्या वायरवरचा माइक कॉलरला किंवा गळ्यातल्या साखळीला घासला की समोरच्याला नुसती खरखर ऐकू जाते. आदल्या संध्याकाळी, मुलाखतीच्याच जागी आणि त्याच दिव्याखाली, दोन मिनिटं स्वतःचं रेकॉर्डिंग करून बघा. आणि हो, खाली पँटही घाला. मध्येच चार्जर लावायला उठावं लागतं.