रावेरला कालचाच भाव का दिसतो?

प्रश्न : आमचा केळीचा व्यापार आहे. हेड ऑफिस जळगावला, शाखा रावेर आणि शिरपूरला. तिन्हीकडे विंडोज सर्व्हर २०१२, डीएफएस (एकच फोल्डर सगळ्या सर्व्हरांवर सारखं ठेवणारी विंडोजची सोय) लावून एकच शेअर केलाय. गेल्या आठवड्यात वादळात लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली. तेव्हापासून रावेरला भावाची एक्सेल जुनीच उघडते. नेट चालू आहे, पिंगही होतो (म्हणजे सर्व्हरकडून उत्तर येतं). त्याआधी दोनदा आमच्या नोंदी गायब झाल्या. पोरं म्हणतात, जळगाववाले पुसतात.
– एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, आधी भांडण मिटवा. जळगाववाल्यांनी काही पुसलेलं नाही. तुमची दुखणी दोन आहेत.

पहिलं लाइटचं. सर्व्हर धाडकन बंद पडला की २०१२ मध्ये डीएफएस स्वतःहून पुन्हा सुरू होत नाही, तुमच्या हुकमाची वाट बघत बसतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) डीएफएस रेप्लिकेशनच्या (सर्व्हरांमध्ये प्रती पोहोचवण्याच्या कामाच्या) लॉगमध्ये २२१३ क्रमांकाची नोंद शोधा. पुढे कोणती कमांड द्यायची तेही त्या नोंदीतच लिहिलेलं असतं. पण थांबा! आधी रावेरचं सगळं फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या, मगच कमांड द्या. आणि हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. साठ दिवस उलटले की तो सर्व्हर आपला माल शिळा समजून अडून बसतो, नोंद येते ४०१२. मग साध्या कमांडने भागत नाही.

दुसरं दुखणं जुनं. डीएफएस फाइल इकडून तिकडे नेतो, पण रावेरला उघडलेली फाइल जळगावला कुलूपबंद करत नाही. दोघांनी एकाच वेळी भाव भरले, तर ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याची प्रत राहते. हरलेली प्रत ‘डीएफएसआर-प्रायव्हेट’ या लपलेल्या फोल्डरात, ‘कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेड’मध्ये जाते. नावं विचित्र झालेली असतात, मूळ नाव शेजारच्या एक्सएमएल फाइलीत सापडतं. तुमच्या नोंदी तिथे बघा. त्या फोल्डराला मर्यादा असते, भरलं की जुनं उडतं. मी स्वतः एकदा धुळ्यात डिस्क भरली म्हणून ते फोल्डर कचरा समजून साफ केलं आणि दुसऱ्या दिवशी हिशेबनीस माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काय सांगणार त्यांना?

यावर माझा उपाय, काहींना मागासलेला वाटेल : भावाच्या फोल्डरापुरते रावेर आणि शिरपूरचे टार्गेट (म्हणजे तिथल्या प्रतींचे पत्ते) नेमस्पेसमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या डीएफएसच्या सामायिक पत्त्यात, बंद करा. रेप्लिकेशन चालू राहू द्या, पण उघडताना तिघांनीही जळगावचीच फाइल उघडायची. एक्सेल लहान असते, लाइनवर दोन सेकंद जास्त लागतील. पण एकाने उघडली की दुसऱ्याला ‘फक्त वाचा’ दिसेल. बिलांचे पीडीएफ, फोटो मात्र आहेत तसेच तिन्हीकडे ठेवा, त्यांत कोणी खाडाखोड करत नाही.

आणि यूपीएसची बॅटरी बदलताना त्याची केबल सर्व्हरला जोडून घ्या, म्हणजे चार्ज संपत आला की सर्व्हर आपणहून नीट बंद होईल.