पाणी कुठे भरणार, हे संगणकाला कसं कळतं?

प्रश्न : आम्ही कुर्ल्यात तळमजल्यावर राहतो. कुठे पाणी भरणार हे आता संगणक आधीच सांगतो म्हणे. मग दर पावसाळ्यात गाद्या माळ्यावर का टाकाव्या लागतात?

उत्तर : तुम्ही म्हणता ती ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पुराचा इशारा देणारी यंत्रणा. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने महापालिकेच्या साथीने ती जून 2020 मध्ये सुरू केली. ती इशारा देते, पाणी उपसत नाही. पण तेवढं सांगून तुमची बोळवण करणार नाही; माझी सगळी नोकरी नाल्यांच्या आकडेमोडीत गेली आहे.

पहिला नाठाळ गडी म्हणजे पाऊस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम 74. शहर एकच! ढग थोडा इकडेतिकडे सरकला तरी मिठी नदीचं सगळं गणित फिरतं.

मग नाले. मुंबईची जुनी व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही निम्मं पाणी मुरेल असं धरून. आता कुठे मुरतंय? नवं माप ताशी 50 चं आहे, म्हणजे एका हेक्टरवर तासाला 5 लाख लिटर. त्यात मोठी भरती असली की समुद्राचं पाणीच पातमुखातून, म्हणजे नाला समुद्राला मिळतो त्या तोंडातून, आत येऊ पाहतं. जिथे दरवाजे आहेत तिथे ते लावतात, आणि सगळी मदार पंपांवर.

हे सगळं गणितात बसवता येतं. बसत नाही ते असं : नकाशात नाला दोन मीटर खोल, प्रत्यक्षात तळाला गाळ, मधूनच आडवी गेलेली पाण्याची पाइपलाइन आणि तिला अडकलेलं थर्माकोल. रस्त्याचंही तेच. डांबरावर डांबर चढून रस्ता वीतभर वर आला, तुमचा उंबरा खाली राहिला. उंचीची मोजणी त्याआधीची असेल, तर संगणकाच्या लेखी तुमचं घर कोरडं!

म्हणून एक काम करा. पाणी चढलं की भिंतीवर खूण करा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, फोटो वॉर्ड ऑफिसात द्या. ‘गुडघाभर होतं’ असं सांगू नका; गुडघे सारखे नसतात. इंच सांगा. गणित बरोबर आलं का, हे अशाच खुणांवरून ताडून बघतात.

प्रश्न : पुण्यात मुठेकाठी फ्लॅट बघतोय. बिल्डर म्हणतो, इमारत निळ्या रेषेबाहेर आहे. लाल रेषेपर्यंत पाणी शंभर वर्षांतून एकदाच येतं. घ्यावा का?

उत्तर : निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. पण नदी वर्षं मोजत बसत नाही. लाल रेषेइतका पूर येण्याची शक्यता दर वर्षी 1 टक्का. तुमचं कर्ज 30 वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्के. बिल्डर हा हिशेब मांडणार नाही.

शिवाय या रेषा नदीच्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात दाणादाण उडवली ती आंबिल ओढ्याने. तेव्हा मुठेच्या आधी जवळपास ओढा कुठे आहे ते बघा, आणि पार्किंग तळघरात आहे का तेही. कोपऱ्यावरच्या जुन्या वाण्याला विचारलंत, तर पाणी कुठवर आलं होतं ते तो बोट ठेवून दाखवेल.