पुळणीच्या जमिनीत वांगी-मिरचीसाठी नत्र कसे टिकवावे

मालवणच्या किनाऱ्यालगत पुळणीत, म्हणजे वाळूच्या जमिनीत, वांगी आणि मिरची लावली आहे, युरिया दिल्यावर आठवडाभर झाडे हिरवी दिसतात आणि मग खालची पाने पुन्हा पिवळी पडतात, तेव्हा महागडे आवरणयुक्त खत घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की आधी निंबोळी पेंड आणि शेणखत, आवरणाचे महागडे दाणे त्यानंतर.

२०१५ पासून शेतीसाठी देशात तयार होणारा साधा युरिया नीम कोटेड, म्हणजे निंबोळी तेलाचे आवरण दिलेला असतो. परंतु निंबोळी तेलामुळे युरिया विरघळायचा थांबत नाही. युरियापासून आधी अमोनियम आणि मग पाण्याबरोबर सहज वाहून जाणारे नायट्रेट होते, त्यातली नायट्रेट होण्याची क्रिया तेवढी मंदावते. चिकण माती ते अमोनियम धरून ठेवते. वाळूत धरून ठेवणारे काही नसतेच, त्यामुळे जास्त पाणी दिले की नत्र मुळांच्या खाली निघून जाते. पॉलिमरचे आवरण असलेले दाणे खरोखर सावकाश सुटतात. मात्र ते किती महिने पुरतील हे पाकिटावरचे आकडे साधारण २१ ते २५ अंश तापमान धरून मोजलेले असतात आणि आपल्या तापलेल्या वाळूत ते लवकर संपतात. गंधकाचा थर दिलेला युरिया (३७ टक्के नत्र, १७ टक्के गंधक) मिळाला तर जरूर वापरावा, कारण गंधकही वाळूतून असेच वाहून जाते.

वांग्याला हेक्टरी १५० किलो नत्र धरले, तर गुंठ्याला दीड किलो लागते. त्यातले अर्धा किलो १० किलो निंबोळी पेंडीतून येते. ही पेंड लागवडीच्या वेळी कुजलेल्या शेणखतात मिसळून आळ्यात चार बोटे खोल द्यावी. पंधरा दिवसांनी मी खुरप्याने वाळू बाजूला करून पाहतो, तेव्हा पेंडीच्या तुकड्यांवर पांढरी बुरशी आलेली असते आणि बारीक मुळ्या नेमक्या तिथेच गुंतलेल्या असतात. दोन वीत पलीकडे वाळू कोरडी, सुटी असते. ते पाहिल्यापासून पेंडीवर माझा पूर्ण भरवसा आहे.

उरलेल्या एक किलो नत्रासाठी सुमारे सव्वादोन किलो युरिया लागतो. तो एकदम न देता १२ ते १५ दिवसांच्या अंतराने सहा हप्त्यांत, खोडापासून वीतभर दूर बांगडी पद्धतीने, म्हणजे झाडाभोवती गोल, द्यावा आणि लगेच वाळूने झाकावा, कारण उघडा राहिल्यास अमोनिया होऊन उडतो. त्यानंतरचे पाणी झारीने, आळ्याची वरची वीतभर वाळू भिजेल इतकेच द्यावे. आळे तुडुंब भरण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी, कारण तसे पाणी दिल्यास कोणतेही खत मुळांपाशी टिकणार नाही.