वेल्श शब्दाचं तोंड ओळखायला शीक

प्रिय,

अनेक आशीर्वाद. कार्डिफला राहून वेल्सची भाषा, वेल्श, शिकायला घेतलीस, फार आनंद झाला.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट तुला अडवेल. ऐकलेला शब्द कोशात सापडणार नाही. मराठीत सामान्यरूप होताना शब्दाची शेपटी बदलते: घोडा, घोड्याला. वेल्शमध्ये तोंड बदलतं. मांजर म्हणजे 'काथ'. 'ते मांजर' म्हणताना 'अ गाथ', 'माझं' म्हणताना 'व ङ्हाथ'. 'त्याचं' आणि 'तिचं' या दोन्हींना शब्द एकच, 'ई'. पण 'ई गाथ' म्हटलं की मांजर त्याचं आणि 'ई ख़ाथ' म्हटलं की तिचं. पहिला आवाज गिळलास तर मांजराचा मालकच कळत नाही!

म्हणून नुसतं 'काथ' पाठ करू नकोस, 'अ गाथ' कर. या 'अ'नंतर स्त्रीलिंगी एकवचनी नामाचा पहिला आवाज सहसा मऊ होतो, म्हणजे 'क'चा 'ग'; पुल्लिंगी नाम तसंच राहतं. कुत्रा 'की', तो कुत्रा 'अ की'. लिंग आपसूक लक्षात राहतं. सगळ्यात फसवा 'ग': तो मऊ न होता नाहीसाच होतो. बाग म्हणजे 'गार्द', पण ती बाग 'अर् आर्द' (स्वराआधी 'अ'चा 'अर्' होतो). स्वराने सुरू होणारा शब्द कोशात मिळाला नाही, तर सुरुवातीला 'ग' लावून पुन्हा शोध. मऊ बदल नऊ अक्षरांना होतो. आधी तोच पक्का कर, बाकीचे दोन बदल ('ङ्हाथ' आणि 'ख़ाथ'मधले) नंतर.

'लानेल्ली' गावाच्या नावातला 'ल' आपला नाही, 'ळ' तर नाहीच. जीभ 'ल'च्या जागी टेकव, घशातून आवाज न काढता जिभेच्या कडेने हवा सोड. घाई केलीस की 'क्ल' होतो.

2021च्या जनगणनेत वेल्समधल्या तीन वर्षांच्या आणि त्यावरच्या 17.8 टक्के लोकांनी वेल्श येते असं सांगितलं, म्हणजे सुमारे 5,38,000. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना इंग्रजीही येतं, त्यामुळे तू अडखळलास की समोरचा सौजन्यानेच इंग्रजीवर येईल. अशा वेळी 'दुइन दस्गी कम्राइग', मी वेल्श शिकतोय, एवढं म्हण आणि वेल्शमध्येच पुढे बोल. दुकानात, कचेरीत नारिंगी रंगाचा, बोलण्याच्या फुग्याचा बिल्ला लावलेला माणूस शोध. तो वेल्श बोलतो.

1536च्या कायद्याने फक्त वेल्श येणाऱ्याला सरकारी पद बंद केलं होतं, आणि वेल्सने 2011 साली वेल्श भाषेला कायद्याने अधिकृत दर्जा दिला. काउंटरवर वेल्शमध्ये विचारायला संकोचू नकोस.