तूप सोडलं, तरी ट्रायग्लिसराइड वाढलेलेच

प्रश्न: वय 52. सहा महिने घरचं तूप पूर्ण बंद आहे. तरी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत टोटल कोलेस्टेरॉल 212, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 38, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 116 आणि ट्रायग्लिसराइड 290 निघाले. नाश्त्याला पोहे, वर शेव, सोबत दोन जिलब्या. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. चुकतंय कुठे?
– एक वाचक, टिळक नगर, इंदूर

उत्तर: तूप बंद केलंत, साखर मात्र आहे तशीच राहिली. ट्रायग्लिसराइड म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं. तेल, तूप आणि पोटावरची चरबी, तिन्ही मुख्यतः याचीच बनलेली. पण रक्तातलं ट्रायग्लिसराइड फक्त खाल्लेल्या तेला-तुपातून येत नाही. गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिष्ट पोटात गेलं, की यकृत त्यातून मेदाम्लं तयार करतं आणि व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून रक्तात सोडतं. तुमच्या चार कपांतच रोज सुमारे 32 ग्रॅम साखर जाते. जिलब्यांचा पाक वेगळा.

मेद पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून तो असा कणांतूनच न्यावा लागतो. कणाच्या बाहेर फॉस्फोलिपिड (मेदाचाच एक प्रकार) आणि प्रथिनांचं आवरण, आत ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल. व्हीएलडीएलमधलं ट्रायग्लिसराइड स्नायूंनी आणि चरबीच्या पेशींनी काढून घेतलं, की शेवटी उरतो तो कोलेस्टेरॉलने भरलेला एलडीएल.

एलडीएल 116 बघून निर्धास्त होऊ नका. बहुतेक लॅबमध्ये हा आकडा मोजत नाहीत, गणिताने काढतात: 212 उणे 38 उणे (290 भागिले 5). ट्रायग्लिसराइड वाढत जातात तसं हे गणित चुकत जातं आणि 400 च्या वर तर ते वापरूच नये. तुमच्यासाठी जास्त भरवशाचा आकडा नॉन-एचडीएल, म्हणजे 212 उणे 38, 174. सर्वसाधारणपणे तो 130 च्या आत हवा. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आणखी खाली.

आता करायचं काय? चहाची साखर बंद, जिलबी सणासुदीला. पोहे निम्मे घ्या आणि वर शेवेऐवजी मटकीची उसळ. उसळ-पोहे इंदुरात कुठेही मिळतात. रात्री जेवणानंतर अर्धा तास चाला. मद्य घेत असाल तर ते आधी थांबवा, कारण त्यानेही यकृतातून व्हीएलडीएल जास्त सुटतं. डॉक्टरांना विचारून एचबीए1सी (मधुमेहाची) आणि टीएसएच (थायरॉइडची) या रक्ततपासण्या करून घ्या. लपलेला मधुमेह किंवा मंदावलेलं थायरॉइड असेल तर पथ्य कितीही पाळा, आकडा उतरत नाही. तीन महिन्यांनी, 12 तास उपाशी राहून, पुन्हा तपासणी. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो, तेव्हा वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि तूप? वरण-भातावर एक लहान चमचा, 5 ग्रॅम, म्हणजे 45 कॅलरी. तेवढं चालेल. तुपात निम्म्याहून जास्त संतृप्त मेद असतो आणि त्याने एलडीएल वाढतो, म्हणून वाटीभर नको.

प्रश्न: थंडीत बरणीतलं तूप थिजतं, सोयाबीन तेल पातळच राहतं. मग तूप रक्तवाहिन्यांत थिजून बसतं का?
– बारावीची विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर: नाही. पण निरीक्षण फार चांगलं आहे. संतृप्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून रवाळ तूप घट्ट होतं. सोयाबीन तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो. त्या नीट रचल्याच जात नाहीत, म्हणून तेल वाहतं राहतं. रक्तात मात्र तूप तूप म्हणून पोचतच नाही. आतड्यात पित्तरस त्याचे बारीक थेंब करतो, लायपेज हे पाचक विकर दोन मेदाम्लं सोडवतं, आतड्याच्या पेशी ती पुन्हा जोडून कायलोमायक्रॉन नावाचे मेदवाहू कण बनवतात. धमनीतला अडथळा वेगळ्या कारणाने होतो: एलडीएल भिंतीच्या आत शिरतो, पांढऱ्या पेशी त्याला गिळून फेसाळ होतात आणि तिथे थर साचतो.

हाच बाक तुझ्या पेशींनाही लागतो. प्रत्येक पेशीभोवती फॉस्फोलिपिडचा दुहेरी पडदा असतो, जेमतेम 4-5 नॅनोमीटर जाड: पाण्याकडे रेणूंची डोकी, आत मेदाम्लांच्या शेपट्या. काही शेपट्यांना हाच बाक असतो, म्हणून पडदा लवचीक राहतो. त्यात बसलेलं कोलेस्टेरॉल पडद्याला ताठू देत नाही आणि फार सैलही पडू देत नाही. त्याच कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं आणि इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं बनतात. ड जीवनसत्त्वाची सुरुवातही त्याच साखळीतून होते. मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणाच्या कोरड्या वजनात 70 ते 80 टक्के मेदच असतो.

प्रश्न: शेव तळून उरलेलं तेल पुन्हा वापरावं का?
– एक गृहिणी, इंदूर

उत्तर: गाळून, झाकून ठेवा आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा तळणीला नको. काळपट झालं, फेस धरू लागलं, बोटाला चिकट लागलं किंवा लवकर धूर देऊ लागलं तर टाकून द्या. त्यात ताजं तेल घालून ते सुधारत नाही, उलट ताजंही लवकर बिघडतं.