गो भाषेतल्या प्रोग्राममधून सी भाषेतल्या कोडला स्ट्रिंग (मजकूर) देताना
गो ची स्ट्रिंग म्हणजे मेमरीतला पत्ता आणि लांबी; शेवटी शून्य बाइट असेलच असं नाही. सी मात्र तो शून्य सापडेपर्यंत वाचत सुटतं. म्हणून थेट पत्ता देऊ नकोस, 'सी.सीस्ट्रिंग' वापर. ते मॅलॉकने (सी चं मेमरी मागून घेणारं फंक्शन) वेगळी प्रत बनवतं, जिच्याकडे गार्बेज कलेक्टर (गो मधली नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) बघतही नाही. ती मोकळी करणं तुझ्याकडे: लगेच पुढच्या ओळीत 'डिफर' (फंक्शन संपताना काम करायला सांगणारा शब्द) लावून 'सी.फ्री' लिही. पण लूपमध्ये नको. मी तेच केलं होतं. फंक्शन संपेपर्यंत एकही प्रत सुटली नाही, मेमरी फुगतच गेली. लूपच्या आतलं काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढ.

आणि हो, सी ची लायब्ररी तो पॉइंटर (प्रतीचा पत्ता) स्वतःकडे ठेवून घेत असेल, तर तिचं काम संपल्यावरच प्रत मोकळी कर.