बूस्ट सेन्सरचा कोड आला म्हणजे टर्बो गेला का?

ट्रक चढाला ओढत नाही, स्कॅनरवर एसपीएन (कुठल्या मापात बिघाड आहे ते सांगणारा नंबर) १०२ येतोय आणि मेस्त्री टर्बो बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून टर्बोला हात लावू देऊ नका.

१०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातलं प्रेशर. टर्बो हवा दाबून ते वाढवतो, तेच बूस्ट, आणि बूस्ट सेन्सर ते मोजतो. खरी मेख पुढच्या एफएमआय नंबरात आहे, तो बिघाड कोणत्या प्रकारचा ते सांगतो. ३ किंवा ४ असेल तर भानगड विजेची: सेन्सर, वायर नाहीतर कनेक्टर. १८ असेल तर सेन्सर बहुधा खरं बोलतोय, प्रेशरच कमी पडतंय. मग आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) होज आणि क्लॅम्प बघा. लोडवर फुस्स आवाज, काळा धूर आणि होजच्या तोंडाशी ताजं ऑइल दिसलं की हवा तिथूनच जातेय.

विजेची शंका असेल तर चावी ऑन, इंजिन बंद ठेवून रीडिंग घ्या. ॲब्सोल्यूट प्रेशर (बाहेरच्या हवेचा दाब धरून मोजलेलं) बाहेरच्या हवेइतकं हवं: मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास. (काही स्कॅनर नुसतं बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचं प्रेशर दाखवतात, तिथे शून्य.) आकडा भलताच आला तर कनेक्टर काढून मीटर लावा. एका पिनवर ५ व्होल्ट, एकीवर पक्की अर्थ (ग्राउंड) मिळाली आणि सिग्नलची वायरही धड असली, तर सेन्सर बदला. आकडा बरोबर, पण लोडवर हलतच नसेल तर सेन्सर काढून बघा, टोक काजळीने बुजलेलं असू शकतं.